म्हातारीचे चार बोल्ट

प्रिय धाकट्या,

ताईने आता नवीन काहीतरी शोधून काढलं, असं तू पाकीट बघूनच म्हणशील. म्हण. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. रविवारी तू आपल्या म्हातारीला, त्या जुन्या विमानाला, घेऊन वर जाणार आहेस. तिचे पंख धडाला चार बोल्टांनी धरलेले आहेत. त्यातला एक खोटा आहे, असा मला संशय आहे. कोणता, ते सांगता येत नाही. पुरावाही नाही. आणि संशय ज्या माणसावर आहे त्याच्याच घरात बसून, त्यानेच केलेला चहा पीत मी हे लिहिते आहे.

संग्रहालयाच्या सभेतलं बोलणं अजून माझ्या कानात आहे. तू सगळ्यांसमोर म्हणालास, आमची ताई मेलेल्यांना पावडर लावते. लोक हसले. मग मी म्हणून गेले की तू म्हातारीला झाडावर चढवतोस, तेव्हा त्याहून मोठा हशा झाला आणि संचालकबाईंना टेबल वाजवावं लागलं. हसलो, पण भांडलो ते खरंखुरं. मला अजूनही वाटतं की युद्धातलं, जगात एकच उरलेलं विमान आकाशात नेणं म्हणजे ते एक दिवस गमावणं. आज नाही तर पुढच्या उन्हाळ्यात. मग मुलांना दाखवायला फोटो उरतो. तुझंही मला कळतं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी हँगरच्या दाराशी उभी होते. इतकी वर्षं जिची धूळ पुसली तिला आवाज आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू तिथेच जिंकला असतास.

पण बाबांचं तुला काहीच खटकलं नाही? उभं राहिलेलं यंत्र मेलेलं यंत्र, हे आपण त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणू शकू. आईला त्यांनी शिलाई मशीनसुद्धा कधी झाकून ठेवू दिलं नाही. शिवायला काही नसेल तर रिकामं चालव, म्हणायचे. सगळी नोकरी संग्रहालयाच्या कार्यशाळेत काढली, आणि वरच्या काचेच्या पेट्यांना कायम शवपेट्या म्हणत आले. तोच माणूस सभेत काठी टेकत उभा राहिला आणि म्हणाला, तिला उडवू नका, आहे तिथे राहू द्या. कारण विचारलं तर म्हणाले, वय झालं तिचं. तुला वाटलं मी त्यांना फोडलं. जिन्यात तू म्हणालास, अभिनंदन ताई, बापालाही पेटीत बसवलंस. मी फोडलं नव्हतं. बाबा एकदा तरी माझ्या बाजूने बोलले, याचं मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून मी त्यांना विचारलं नाही, का?

मला ते हँगरमध्ये खटकलं. मुख्य मेकॅनिकने चारही बोल्ट काढून फडक्यावर मांडले होते. त्यांना लाल औषध लावलं, पुसलं, वर पांढरी पावडर मारली. तडा असेल तिथे पावडरीवर लाल रेघ उमटते. एकाही बोल्टवर रेघ नव्हती. मेकॅनिक खूश. म्हणाला, बाई, तुमच्या म्हातारीचे दात माझ्या सासूपेक्षा बरे आहेत. बाबा स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी विचारलं, कानस लावून पाहिलीत का? मेकॅनिक हसायला लागला. कानस? मूळच्या भागावर ओरखडा उठला तर तुमची लेक मला फासावर चढवेल! बरोबर आहे त्याचं. मूळ भागाला कानस लागता कामा नये ही संग्रहालयाची अट आहे, आणि ती पाळली जाते की नाही ते बघायलाच मला तिथे ठेवलं आहे. बाबांना ती अट माझ्याआधीपासून पाठ आहे. मग विचारलं कशाला? उत्तर ऐकून त्यांनी मान खाली घातली. सुटल्यासारखी की अडकल्यासारखी, मला ओळखता आलं नाही.

लाल औषध तडा दाखवतं. लोखंड कोणतं आहे ते दाखवत नाही. ज्या बोल्टने कधी उडत्या पंखाचा भार घेतलाच नाही, त्याला तडा कुठून जाणार? कठीण पोलादावरून कानस घसरते, मऊ लोखंडात रुतते. हे आपल्याला कोणी शिकवलं, ते तुला आठवत असेल.

आणि तो खेळही आठवत असेल. जेवणाच्या टेबलावर दोन तुकडे, एक खरोखर जुना, एक बाबांनी केलेला. ओळखा खरा कोणता. नवा तुकडा ते मीठ कालवलेल्या ओल्या राखेत पुरून ठेवायचे, मग खडे भरलेल्या डब्यात घालून खुळखुळवायचे, म्हणजे वापरल्यासारखे पोचे पडत. आई वैतागायची. दोन पोरं कमी होती म्हणून तिसरं खुळखुळा घेऊन बसलंय, म्हणायची. तू अंदाजाने बोट ठेवायचास, मी वास घेऊन. एकदा आपण दोघांनी एकाच तुकड्यावर बोट ठेवलं, आणि बाबा उत्तर द्यायचे थांबले. दोन्ही तुकडे हातात फिरवले, खिडकीशी नेले, मग म्हणाले, बरोबर. त्यांनाही माहीत नव्हतं, असं मला तेव्हाच वाटलं होतं. तू जिंकल्याच्या आनंदात होतास.

हँगरमधल्या त्या प्रश्नानंतर मी बाबांवर नजर ठेवायला लागले. स्वतःच्या बापावर नजर ठेवणं कसं असतं ते तुला सांगत नाही. ते काय बघतात, कुठे थांबतात, कोणाशी बोलताना गप्प होतात. परवा दुपारी मेकॅनिक जेवायला गेला होता आणि मी छत्री विसरले म्हणून परत आले. बाबा बोल्टांच्या ट्रेवर वाकले होते. भिंगाखाली एक धरत, ठेवत, दुसरा उचलत. अंगठ्याने चोळून वास घेत होते, मी घ्यायची तसा. मला बघितल्यावर म्हणाले, चष्मा पडला होता गं. चष्मा नाकावर होता. त्याच संध्याकाळी चारही बोल्ट परत बसवले गेले.

मी जे जुळवलं आहे ते असं. म्हातारी दलदलीतून निघाली तेव्हा निम्मी चिखलात होती. तिला उभी करायला बाबांचे हात लागले. तिच्यासमोरच्या पाटीवर लिहिलं आहे, प्रत्येक भाग मूळचा. ते शब्द बाबांचे. त्या शब्दांसाठी त्यांचा सत्कार झाला. त्या शब्दांमुळेच तुला ती उडवायची आहे, नाहीतर नव्या भागांनी बनवलेली नक्कल कोणीही उडवतं. माझा संशय असा की चारांतला एक बोल्ट चिखलात सापडलाच नाही. बाबांनी तो केला. विमान नुसतं उभं ठेवायला मऊ लोखंड पुरतं, आणि संग्रहालयात त्यात गैर काही नाही, पाटीवर तसं लिहिलं की झालं. त्यांनी लिहिलं नाही. ती कधी उडेल असं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं. आणि बोल्ट इतका हुबेहूब जमला की आता तो त्यांना स्वतःलाच सापडत नाही. सापडला असता तर गुपचूप बदलला असता आणि आपल्याला कधी कळलं नसतं. आता सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागेल, चारही बदला. चार नवे बोल्ट, एवढाच उपाय आहे. एवढाच असून ते बोलत नाहीत, याची मला जास्त भीती वाटते.

काल तू त्यांना फोन केलास. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. तू त्यांना मागची सीट देऊ केलीस. मनात म्हटलं, आता कळेल. नको म्हणाले तर माझा संशय खरा. ते लगेच हो म्हणाले. कपाटातून कोट काढला, झटकला, खिडकीत टांगला. मला इतकं हलकं वाटलं की जाऊन त्यांची माफी मागणार होते. तेवढ्यात त्यांनी हाक मारली आणि हत्यारांच्या पेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. ती किल्ली त्यांनी कधी आईला दिली नव्हती. त्यांना स्वतःला ऑपरेशनला नेताना नर्सने मागितली तर मूठ आवळून गेले होते. म्हणाले, असू दे तुझ्याकडे, गंज चढू देऊ नकोस. मी म्हटलं, बाबा, एक चक्कर मारून परत यायचं आहे ना? म्हणाले, हो, चक्करच. ते तुझ्या जिवावर उठलेले नाहीत, धाकट्या. आपल्या हाताने केलेली वस्तू टिकेल असं त्यांना मनापासून वाटतं. नाही टिकली तर आपण स्वतः तिथे असू, एवढी तजवीज त्यांनी केली आहे. तुला त्यांनी हिशेबात धरलं की नाही, हे मला त्यांना विचारवलं नाही. उद्या सकाळी मी उड्डाणाला परवानगी देणाऱ्या तपासनिसाला सांगणार आहे, चारही बोल्ट काढा आणि कानस लावा, अट मी उठवते. चारही खरे निघाले तर चार मूळ बोल्ट माझ्यामुळे खरवडले जातील, तू रविवारी उडशील, आणि मला जन्मभर चिडवशील. एक जरी खोटा निघाला तर पाटी उतरेल आणि बाबांचं नाव तिच्याबरोबर जाईल. हे तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, म्हणून आज हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवून जाते. सकाळी लवकर ये. माझ्या हातावर तुझा विश्वास नाही, आणि बाबांच्या हातावर आता माझा नाही. कानस तू धर.

रागावलास तरी तुझीच,
ताई