सुमंगलेचं लग्न

॥ श्री ॥
अळणावर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. अंबूअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. अनिताचा गुडघा आता बरा आहे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि हा विषय ओरडून सांगण्यासारखा नाही, म्हणून लिहितो.

गेल्या गुरुवारी आपल्या रामाच्या देवळात कन्नड मालिकेचं शूटिंग झालं. देवळाला त्यांनी रंग दिला, पण कॅमेऱ्याला दिसते तेवढ्याच भिंतीला. मला सगळ्याचंच नवल वाटत होतं. प्रसंग लग्नाचा. त्यांचे भटजी धारवाडहून पोचलेच नाहीत, तेव्हा मलाच पाटावर बसवलं. डायरेक्टर म्हणाले, स्वामी, नुसते ओठ हलवा, आवाज आम्ही नंतर घालतो.

अक्का, मंत्र अप्पांनी शिकवलेले. ओठ रिकामे हलेनात. मी हातावर पाणी घेऊन नाव-गोत्र विचारलं. मुलीनं सुमंगला सांगितलं, मुलानं राघवेंद्र. गोत्र सांगताना दोघंही डायरेक्टरकडे बघत होती. मला वाटलं, आजकालची मुलं. संकल्प झाला, सप्तपदी झाली, मंगळसूत्राच्या तीन गाठीही पडल्या. सगळं यथासांग.

जेवताना तिची वेणी घालणाऱ्या बाई म्हणाल्या, हिचं खरं लग्न वैशाखात आहे, तारिहाळच्या कारखान्यातल्या इंजिनिअरशी. मी तसाच ताटावरून उठलो. मी लावलेलं लग्न लागलं असेल, तर त्या मुलीचं काय? तिच्या घरी सांगावं, तर ठरलेलं मोडायचं. गप्प बसावं, तर देवापुढे उभं राहवत नाही.

१६ तारखेला ती हुबळीत नाटकात काम करणार आहे. तू भेटून विचारशील का?

तुझ्या मायेवर विसंबून,
दत्तात्रय


धारवाड, १७ फेब्रुवारी २०२५

चि. दत्तास,
अ. उ. आ.

बाहुलीच्या लग्नात बाहुल्याचं गोत्र कुणी सांगेना म्हणून तू रडला होतास. पन्नाशी आली तरी तोच आहेस!

काल आमच्या श्रीहर्षला गाडी काढायला लावली आणि नाटकाआधी तासभर थिएटरवर पोचले. दारावरचा माणूस म्हणाला, सुमंगला नावाचं इथं कुणीच नाही. मग तू सांगितलेलं शूटिंग, देऊळ सगळं वर्णन केलं, तेव्हा तो हसत मला आत घेऊन गेला. डोक्यावर राणीचा मुकुट, आणि बशीतून चहा पीत बसलेली पोरगी. नाव मधुवंती, जुन्या हुबळीची. सुमंगला हे तिचं मालिकेतलं नाव. राघवेंद्रही तसाच, आणि दोघांची गोत्रंही लेखकानं दिलेली.

मला अज्जी म्हणत वाकली, तर मुकुट माझ्या पायावर! म्हणाली, भटजींनी असं खणखणीत विचारलं की खरं नाव ओठावर आलं होतं. पण लग्नाच्या प्रसंगात ते घ्यायचं नाही असं आईनं बजावलंय, म्हणून गिळलं. तेव्हा तिच्या वैशाखाला काही धोका नाही. दोन घास सुखानं खा.

एक बातमी. त्या राघवेंद्राला पुढच्या महिन्यात नदीत बुडवणार आहेत म्हणे. नटाला दुसरी मालिका मिळाली.

अनिताला आशीर्वाद. असाच वेड्यासारखा लिहीत जा.
तुझी अक्का


॥ श्री ॥
अळणावर, २ मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र रामापुढे ठेवून वाचलं. मोठं ओझं उतरलं. मधुवंतीसाठी देवाच्या अक्षता सोबत पाठवतोय, तेवढ्या पोचव.

पण आठ दिवस एकच विचार डोक्यात आहे. मंत्र खरे होते, पाणी खरं होतं. मग लग्न कुणाचं लागलं? मालिकेतल्या त्या दोघांचंच ना? त्यांना आई-बाप नाहीत, आणि ज्यानं नावं दिली तोच एकाला बुडवायला बसलाय. लग्न लावणारा मी एकटाच काय तो त्यांचा. हसू नकोस. संध्याकाळी दिवा लावताना सुमंगला-राघवेंद्राचंही नाव घेतो.

एकच अडचण आहे. देवाला सांगताना गावही सांगावं लागतं. आमच्याकडे ते चॅनेल दिसत नाही. मालिकेत दोघं कुठं राहतात, तेवढं बघून नदीच्या आधी कळव.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
दत्तात्रय