जांभळा पट्टा

कोपर, डोंबिवली पश्चिम
फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप अण्णांच्या पायांवर धाकट्या भावाचे, नाथाचे डोके.

गुडघा कसा आहे? तेल चोळता, की बाटलीला नुसता नमस्कार करता? आम्ही पांडुरंगाच्या कृपेने ठीक. तुमचा लेक सुधीरही ठीक. (तुम्ही दीड वर्षात विचारले नाहीत, पण शाई उरली होती म्हणून लिहिले.) ‘मला पुरुषाबरोबरच संसार करायचाय’ असे त्याने सांगितल्यावर तुम्ही त्याला दार दाखवलेत, तेव्हापासून तो आमच्याकडेच राहतो, जेवतो. आमटीला नावे ठेवतो, अगदी तुमच्यासारखी.

रविवारी त्याच्यासारखी मंडळी आमच्याकडे जमतात. त्यांचा एक झेंडा असतो, अमेरिकेत निघालेला, इंद्रधनुष्याचा. तो आमच्या हिच्या, मंदाकिनीच्या, मशीनवर शिवायचे ठरले. सुधीरने कागदावर रंग काढून दिले, मी मोजले तर सहाच! अण्णा, आपल्या गुरुजींनी छडी मारून ‘तानापिहिनिपाजा’ पाठ करून घेतलेला माणूस मी. पारवा कुठे गेला? म्हटले शहरातली पोरे, विसरली असतील. गुपचूप विठ्ठलवाडीहून पारवा कापड आणून जोडून घेतले. (देवाच्या कमानीत काटछाट करणारे आपण कोण?) सुधीरने कपाळाला हात लावला. मग कळले की मुळात पट्टे आठ होते. पैकी गुलाबी गळला, कारण तिकडे म्हणे तसले कापड मिळेना! एवढी मोठी अमेरिका, चंद्रावर माणूस धाडते आणि गुलाबी कापडाला महाग. मंदाकिनीने आहेरातल्या ब्लाउजपिसांचा गठ्ठा सोडला आणि अमेरिकेची अडचण तिथल्या तिथे मिटवली. प्रत्येक रंगाला अर्थही आहे. लाल म्हणजे जीवन, हिरवा निसर्ग, जांभळा आत्मा. गुलाबीचा अर्थ सुधीरने काकूसमोर सांगितला नाही.

पट्टे वाढतायत म्हटल्यावर माजिवड्याच्या रंगूबाई पुढे आल्या. (आपल्याकडे बारशाला टाळी वाजवत येत, त्यांच्यातल्या.) म्हणाल्या, “काका, पोराला आशीर्वाद द्यायला मी चालते, आन् झेंड्यात माझा तुकडा नको व्हय?” त्यांच्या साडीचा काठ लागला. आता तो झेंडा कमी आणि गोधडी जास्त दिसतो, थंडीत दोघांना पुरेल. खळ काढायला धुतला, तर जांभळ्याचा रंग पार उतरला. पहिल्याच धुण्यात आत्मा गेला! तो पट्टा उसवून बाकीचा गॅलरीत वाळत घातला.

निवडणुकीचे दिवस. आमचे चेअरमन गुणाजीशेठ धापा टाकत वर आले. “कंच्या पार्टीचा? भगवा हाय, बरा हाय. पन त्याच्याबरोबर ह्यो हिरवा कशाला?” मी झेंडा कोणाचा ते खरे सांगितले. (देवाला रोज हात जोडायचे आणि चेअरमनला थापा मारायच्या, हे मला जमत नाही.) त्यांनी घाम पुसला. मग म्हणाले, “हिरवा ऱ्हाऊ दे. ही मानसा नको.” एका रंगावर अडलेला माणूस सगळे रंग पचवायला तयार झाला, फक्त माणसे तेवढी पचेनात. येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. सुधीरने जागा सोडावी, असा ठराव मांडणार आहेत. जाताना जिन्यातून ओरडले, “त्याला बाप नाय का?”

मी म्हटले, आहे. गुडघा दुखतो.

तुमचा,
नाथा

ता. क. जांभळा पट्टा अजून बाकी आहे. अख्ख्या डोंबिवलीत तो रंग मिळत नाही. वहिनींचे जांभळे लुगडे तुमच्या ट्रंकेत आहे, त्या गेल्यापासून तुम्ही कोणाला हात लावू देत नाही. हातभर तुकडा पुरेल. टपालात गहाळ होईल, तेव्हा स्वतः घेऊन या. रविवारच्या आत. सभेत बसायला खुर्ची देतील, गुडघ्याची काळजी नको.

आणखी एक. जांभळे कापड स्टेशनाबाहेर हवे तेवढे मिळते. तरी या.