कोपर आणि चक्कर

३ नोव्हेंबर, सोमवार
आजी म्हणाला मला! खामगावचा कानाचा डॉक्टर. मिशीसुद्धा धड फुटलेली नाही. मी कोपरावरचा सोरायसिस दाखवला — आधी हा भडकतो, दोन दिवसांनी चक्कर येते, असं सांगितलं. "आजी, ते कातडीवाल्यांना दाखवा. मी फक्त कान बघतो." मी काय सुट्या भागांची बनलेय?

तीस वर्षं कन्याशाळेत शिकवलं की पृथ्वी फिरते, पण आपल्याला जाणवत नाही. परवा न्हाणीत चांगलीच जाणवली! झालं, नाशिकहून मुलाचा, हर्षलचा फोन. "आई, एकटी पडलीस तर? जानेवारीत घर बंद कर, इकडे ये." जळगाव जामोद सोडून त्याच्या सातव्या मजल्यावर? मुळीच नाही.

४ नोव्हेंबर
शेजारच्या कौशल्याबाई दारातूनच — "म्याडम, दोनी एकच हाय. तुमचं आंगच तुमच्यावर रागावून राह्यलं."
म्हटलं, अंग रागावत नसतं, माणसं रागावतात.
"हाव, ते तं दिसूनच राह्यलं!" हसत गेल्या.

मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, तक्रार करायची तर तारखेसकट. आजपासून तारखा.

९ नोव्हेंबर
कोपर लाल.

११ नोव्हेंबर
भिंत धरून चहा केला.

२१ नोव्हेंबर
कोपर. खपल्या. रात्रभर खाज.

२३ नोव्हेंबर
चक्कर. बघा!

२ डिसेंबर, मंगळवार
कातडीची डॉक्टर अर्पिता. पोरगी हुशार. सगळ्या तारखा वाचल्या. म्हणाली, शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच चुकून स्वतःच्या कातडीवर उलटते. त्याचा आतल्या कानाशीही संबंध असेल का, याचा अभ्यास चालू आहे. "पण मॅडम, अजून सिद्ध नाही. तुमच्या दोन वेळा म्हणजे पुरावा नव्हे." खरं बोलली, म्हणून आवडली. माझ्यासमोरच त्या कानवाल्याला फोन लावला. आता दोघं मिळून बघणार.

मुद्द्याचं विचारलं — एकटी राहू?
"न्हाणीत धरायला दांडा बसवा आणि राहा."
तसं चिठ्ठीवर लिहून घेतलं, सहीसकट!

म्हणजे अंगच आपल्यावर उलटतं म्हणायचं. कौशल्याबाईंना सांगू नये असं ठरवलं होतं. संध्याकाळी सांगून टाकलं. आता त्या गल्लीतल्या मोठ्या डॉक्टर झाल्या आहेत. समोरच्या तुळशीरामच्या बायकोला दोन पथ्यं सांगूनही झाली.

३ डिसेंबर
हर्षलला व्हिडिओवर चिठ्ठी वाचून दाखवली. जिंकलेच होते. मग त्यानं डोकं वाकवून केस बाजूला केले. तशाच खपल्या.
"सहा महिने झाले, आई. गेल्या आठवड्यात जिन्यात चक्करही आली. कोणाला सांगितलं नाही. तू जवळ असावीस असं वाटत होतं."
गाढव! मग सरळ सांगायचं ना.
शुक्रवारच्या नाशिक गाडीत खिडकीची जागा मिळाली.