न दिसणारा थर

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे खुर्चीतूनच घातलाय, गोड मानून घे). डोळ्याची पट्टी निघाली का? भावोजींचा खोकला काय म्हणतोय? इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे असावं, मलाच नक्की कळेनासं झालंय.

तुला ठाऊकच आहे, एकवीस वर्षं मी प्रयोगशाळेत काचसामान धुतोय आणि माझ्या हातच्या काचेला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. सोमवारी आमच्या बाईंच्या टेबलावर एक काचपट्टी दिसली. धूळ बसली होती, म्हणून पावडर लावून ब्रशने खसाखसा घासली. बाई आल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या. "अहो, त्यावर पाणी झटकणारा थर होता. चार महिन्यांची मेहनत!" मी म्हटलं, "बाई, दिसला असता तर हात लावला असता का?" तर म्हणतात, तो दिसत नाहीच, केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ असतो. (कुणाच्या केसाच्या, ते विचारायचा धीर झाला नाही.) आता जे मुळात दिसतच नाही ते गेलं, हे ओळखायचं कसं? पण बाईंचे डोळे भरून आले तेव्हा नोकरी गेली असंच धरलं. डबासुद्धा उघडला नाही.

दुपारी बाईंनी वेड्या आशेने पट्टीवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब पसरलाच नाही, मण्यासारखा घरंगळत खाली गेला. बाई किंचाळल्याच! थर शाबूत होता. आधीच्या पट्ट्यांवरचा नुसत्या बोटाने निघायचा म्हणे. मग मला विचारलं, "किती जोरात घासलीत?" म्हटलं, "रोजच्याइतकी." "रोजच्याइतकी म्हणजे किती?" ताई, याला काय उत्तर असतं? शेवटी त्यांनी मला वजनकाट्यावर ब्रश घासायला लावला. सोमवारी ज्याने बाईंना रडू आलं, तेच बुधवारपासून माझं अधिकृत काम झालंय: एकेक पट्टी दोनशे वेळा घासायची आणि वहीत लिहायचं. शाबासकी मिळतेय की शिक्षा, देव जाणे.

तुझा गोंधळलेला,
धाकटा

ता. क. पुढच्या महिन्यात प्रयोगशाळा बघायला पाहुणे यायचेत आणि मला त्यांच्यासमोर पाच मिनिटं बोलायचंय. "आपला थर नॅनो आहे म्हणजे काय, ते कळलंय ना?" असं बाईंनी विचारलं तेव्हा मी मान डोलावली. तू तीस वर्षं विज्ञान शिकवलंस. उलट टपाली कळव.

आणखी एक ता. क. घरी मी सांगून बसलोय की शोध माझाच. काल हिने करपलेलं पातेलं पुढ्यात आदळलं, म्हणाली, "लावा आता तुमचा थर." अजून घासतोय.