डॉक्टर आत काय बोलले

।। श्री एकवीरा आई प्रसन्न ।।

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
बुधवार, दि. ६ नोव्हेंबर २०२४

चि. विठा हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. तुमचं भात झोडून झालं असेल. पेंढा लवकर आत घ्या, संध्याकाळी आभाळ भरून येतंय. सोहमला म्हणावं, गाडी हळू चालव.

पत्र बघून घाबरू नको, कोणाचं काही झालेलं नाही. फोनच करणार होतो. पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि सोहम बाजूला असतो. मला हे एकट्या तुला सांगायचंय. मी सहावी शिकलो, तू सातवी. माझं वेडंवाकडं अक्षर तुला लागेल.

तब्येत विचारलीस म्हणून लिहितो. दम लागतो. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. कोणी आलं की चपलेचा अंगठा बघत असल्यासारखं करतो. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात नळी घालून तपासलं. तीन ठिकाणी ब्लॉक निघाले. हृदयाचं पंपिंग तीस टक्के. चांगल्या माणसाचं साठ असतं म्हणे, म्हणजे मी निम्मा. तुझ्या जावेने, चिमीने, मीठ बंद केलं, सुकी मासळी बंद केली. परवा शेजारी जवळा भाजला तर मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. चिमी म्हणाली, "तुमाना मीठ पायजे का मी पायजे?" मी म्हटलं, आधी मीठ दे, मग तुझं बघू. दोन तास बोलली नाही.

आता मुद्द्याचं. भाऊबीजेला फोनवर तू म्हणालीस, "दादा, डॉक्टर सांगतील तसं करा. ह्यांच्या वेळी दुसरा इलाजच नव्हता, तरी तुम्ही किती धावलात." मी हो हो केलं आणि फोन चिमीकडे दिला. तेव्हापासून जेवण जात नाही. चिमीला वाटतं ते मिठामुळे.

दिवाळीच्या आधी रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा दिपेश एकटा मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेला. मला म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा, तुम्हाला कशाला टेन्शन." मी बाकावर बसलो. वीस मिनिटांनी बाहेर आला. फाइल छातीशी धरलेली, आणि माझ्याकडे न बघता पाण्याच्या मशीनकडे गेला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "काही घाबरायचं नाही. बायपास करायचं. दुसरा मार्ग नाही."

विठा, तो खोटं बोलतोय हे मला तिथंच कळलं. कसं कळलं ते पुढे लिहितो. मला जरा वेळ लागणार आहे.

नंतर इको काढताना तिथल्या लहान डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, मग काय ठरलं? सरांनी दोन्ही पर्याय दिलेत ना." घरी येऊन दिपेशला विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही घाबरून गोळ्याच घेतल्या असत्या. आणि लोक काय म्हणाले असते, मुलाने बापाला गोळ्यांवर ठेवला? दिनाकाकाच्या वेळी तुम्ही मोठं ऑपरेशन केलंत, अख्खा गाव अजून नाव घेतो."

त्याला ओरडायला मी कोण?

नऊ वर्षांपूर्वी दिनाला घेऊन गेलो तेव्हा केबिनमध्ये मी एकटा गेलो होतो. थोरला मी, शहाडच्या कंपनीत चार माणसांत उठबस करणारा मी. तू बाहेर पदर घेऊन बसली होतीस. थोरल्या दिरासमोर तू तोवर कधी बोलली नव्हतीस आणि मीही तुला कधी काही विचारलं नाही. आपल्याकडे तशीच रीत म्हणून तेव्हा काही वाटलं नाही.

डॉक्टर काय बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतं. म्हणाले, हृदय कमजोर आहे. ऑपरेशन केलं तर पहिले काही आठवडे धोका मोठा, पण त्यातून निभावला तर पुढे जास्त वर्षं मिळण्याची आशा. गोळ्यांवर ठेवलं तर आजचा धोका कमी, पण हृदय हळूहळू थकत जाईल, वर्षं कमी मिळतील. दोन्ही रस्ते आहेत. पेशंटशी बोला आणि ठरवा.

पेशंटशी बोला असं ते म्हणाले होते.

मी बाहेर आलो. फाइल छातीशी धरली होती. दिना उठून उभा राहिला. तुला आठवत असेल, त्याने निळा स्वेटर घातला होता. म्हणाला, "दादा, गोळ्यांवर नाय भागणार का रे? निदान सोहमची दहावी होऊन दे." मी त्याच्या खांद्याच्या वरून भिंतीकडे बघून म्हटलं, "नाही. डॉक्टर बोलले दुसरा इलाज नाही." तो म्हणाला, "मग ठीक. तू आहेस ना." आणि खाली बसला.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी गेला.

मी त्याला का फसवलं याचा खूप विचार केला. त्याला जास्त वर्षं मिळावीत, हे खरं आहे. बावन्न वर्षांचा होता. पण तेवढंच खरं नाही. गोळ्या आणून दिल्या तर भावाने काय केलं म्हणून कोणी विचारलं असतं. ऑपरेशन म्हणजे केलेलं दिसतं. दिपेश जे बोलला तेच माझ्या मनात होतं. त्याने ते माझ्याकडूनच उचललं.

गोळ्यांवर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणणार नाहीत. ऐकून कदाचित तो स्वतःच म्हणाला असता, दादा, कापून टाक एकदाचं. पण त्याने विचारलं होतं आणि मी भिंतीकडे बघितलं. आणि तू नऊ वर्षं चारचौघांत सांगत आलीस की दादांनी काही कमी केलं नाही. प्रत्येक वेळी मी मान खाली घातली, लोकांना तो माझा मोठेपणा वाटला.

सोमवारी अकरा वाजता पुन्हा डॉक्टरांकडे जायचंय. मी दिपेशला सांगितलं, खुर्चीवर मी बसणार, तू बाजूला उभा राहा. दोन्ही ऐकीन, विचारायचं ते विचारीन, मग बोलेन. आत्ता विचारशील तर मन गोळ्यांकडे आहे, कारण मला भीती वाटते. दिनालाही वाटली असेल. त्याला ती बोलून दाखवायची जागा मी ठेवली नाही.

तू काय सल्ला देशील ते मी विचारत नाही. माझं ओझं तुझ्या डोक्यावर नको. सोहमला हे सांगायचं की नाही, आमच्याकडे येणं-जाणं ठेवायचं की नाही, तुझं तू ठरव. मी मध्ये पडणार नाही आणि चिमीलाही पडू देणार नाही. तिला उद्या सांगणार आहे. आधी तुला कळायला हवं होतं.

पत्राखाली दादा लिहायला हात धजत नाही. तू पुन्हा तशी हाक मारलीस तर लिहीन.

हरिचंद्र