एकतीस नंबर, एकच पत्ता

मी, वय वर्षे त्रेसष्ट, अविवाहित, पूर्वी टेलिफोन खात्यात लाइनमन, नंतर मोबाइल दुरुस्तीचा दुकानदार आणि गेली अकरा वर्षे आसपासच्या एकतीस घरांच्या इंटरनेट फोनचा चालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, भीतीपोटी लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाची झडप मात्र बिघडली आहे आणि ती बदलण्यासाठी येत्या सोमवारी मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी बरेच काही लपवले होते.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि माळा, माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या एकुलत्या एका भाचीला द्यावे. तिच्या लग्नाला मी गेलो नाही. मामा असून आला नाही म्हणून ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही आणि तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, अजूनही टोमणे मारतात. "तुमचं ते यंत्र एक दिवस बंद राहिलं असतं तर आभाळ कोसळलं असतं का?" असे त्यांनी मला चारचौघांत विचारले होते. मी हसण्यावारी नेले. का गेलो नाही ते कलम ६ मध्ये आहे.

कलम २. हत्यारे. तार सोलायची पक्कड, टोक दाबायची पक्कड, खांबावर चढायचा पट्टा आणि लाइन तपासायचा हातातला फोन हेही भाचीलाच. तो फोन तिने विकू नये. तांब्याच्या तारेत स्वतःची वीज असायची. घरातले दिवे गेले तरी रिसीव्हर उचलला की कानात तो एकसुरी आवाज यायचा आणि एक्सचेंजमधल्या माणसाला ठाऊक असायचे की ही तार कोणत्या घरात जाते. तार खोटे बोलत नाही. हे मी बावीस वर्षे खांबावर चढून शिकलो आणि नंतर विसरलो.

कलम ३. माझा दुकानातला जुना भागीदार. त्याला चार्जरची पेटी द्यावी. त्यात निरनिराळ्या तोंडांचे दोनशेच्या वर चार्जर आहेत आणि त्यातला एकही आजच्या कोणत्याच मोबाइलला लागत नाही. "तू फोन दुरुस्त करत बस, मी कव्हर विकतो," असे म्हणून तो वेगळा झाला आणि त्याने तीन मजली घर बांधले. त्याच्यावर माझा राग आहेच, पण एका बाबतीत तो खरा होता. मोबाइल आता दुरुस्त करायची वस्तू राहिलेली नाही. बॅटरी चिकटवून टाकतात, स्क्रू असे बसवतात की साध्या पेचकसाला दाद देत नाहीत आणि सॉफ्टवेअर बदलले की तीन वर्षांचा धडधाकट फोन म्हातारा होतो. माणसाने विकत घेतलेल्या वस्तूच्या आत बघायची त्याला परवानगी नसावी, हे मला कधीच पटले नाही. म्हणूनच मी माझी स्वतःची व्यवस्था उभी केली. त्या वेळी मला तिचा फार अभिमान होता.

कलम ४. माळ्यावरचा सर्व्हर. दिसायला बुटाच्या खोक्याएवढा आहे. यावरचे सॉफ्टवेअर फुकट मिळणारे, उघडे, कोणीही वाचावे असे आहे. त्यात मी स्वतः भर घातली. आमच्या भागात तळमजल्यावर मोबाइलची रेंज येत नाही, आणि माझ्या बहिणीचे घर तर पार आत, दहा मिनिटांच्या वाटेवर. "दादा, खिडकीत लटकून किती दिवस बोलू?" असे ती म्हणाली आणि मी तिच्या स्वयंपाकघरात इंटरनेटवर चालणारा पहिला फोन बसवला. तिचे पाहून शेजाऱ्यांनी मागितला. दोन वर्षांत एकतीस घरे झाली. आपसात बोलणे फुकट, आवाज काचेसारखा स्वच्छ. लोक मला 'एक्सचेंज' म्हणू लागले.

बाहेरचे नंबर ज्या कंपनीकडून घेतले तिला प्रत्येक नंबरामागे एक अर्ज हवा होता: घराचा पत्ता, घरमालकाची सही. मी एकच अर्ज केला. एकतीस नंबर, एक पत्ता, माझा. कंपनीने तो स्वीकारला. एका सहीत काम उरकले म्हणून मी आठवडाभर फुशारकी मारत फिरत होतो. तो पत्ता कशासाठी विचारतात ते अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापले होते: आणीबाणीचा नंबर फिरवला की रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षाला हाच पत्ता दिसेल. इतरांना सूचनापत्रके वाचून दाखवणाऱ्या माणसाने ती बाजू उलटून पाहिली नाही.

कलम ५. हे कलम वाटणीचे नाही, पण याच्याशिवाय पुढचे कळणार नाही.

सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मी सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर चढवत होतो. फोन चालू होते, फक्त कोण कोणाला फोन करतो ते दाखवणारा पडदा मी बंद केला होता. दारात रुग्णवाहिका येऊन थांबली. चालक एकटाच वर आला.

"इथूनच फोन आलाय. पेशंट कुठे आहे?"

"इथे कोणी आजारी नाही," मी म्हणालो.

"साहेब, पत्ता हाच आहे. बाईंचा आवाज होता. एकदा घरात विचारता का?"

"घरात मी एकटाच आहे. तुमचं सॉफ्टवेअर जुनाट आहे, दुसरं काही नाही. कधी वेळ मिळाला तर पाठवा तुमच्या साहेबाला, शिकवतो मी."

मग मी दार लावले. बाईंचा आवाज हे शब्द मी ऐकले होते. ऐकून दार लावले.

काम संपवून पडदा सुरू केला तेव्हा चाळीस मिनिटे उलटली होती. त्यावर एकच ओळ होती. नंबर एक, बहिणीचे स्वयंपाकघर, आणीबाणीचा नंबर, वीस सेकंद. मी अनवाणी धावलो. तिने रिसीव्हर नीट जागेवर ठेवला होता. येणाऱ्यांना त्रास नको म्हणून पुढच्या दाराची कडी काढून ठेवली होती आणि ती फरशीवर दाराकडे तोंड करून पडली होती. अंग अजून कोमट होते. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणले असते तर कदाचित काही करता आले असते. हे वाक्य मी रोज ऐकतो.

मेहुणे बाहेरगावाहून आले. त्यांनी विचारले, गाडी का आली नाही? मी म्हणालो, "पत्ता चुकले म्हणे." हे खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. त्यांनी चालकाविरुद्ध तक्रार करायची ठरवली. त्यांचे अक्षर वाईट, म्हणून तक्रार मी लिहून दिली. मुद्देसूद लिहिली. चुकीच्या दारात गेला आणि खात्री न करता परतला, असे त्यात आहे. चौकशीत चालक म्हणाला, एका माणसाने मला परत पाठवले. कोण माणूस, हे शोधायला कोणी आले नाही. त्याची नोकरी गेली. तो आता चौकातल्या टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. मी तो रस्ता टाळतो.

कलम ६. दारातली खुर्ची. ती कोणाच्याही नावे करता येत नाही, हाच या मृत्युपत्राचा पेच आहे.

एकतीस घरांचे पत्ते आजही माझेच आहेत. दुरुस्त करायला प्रत्येक घरमालकाची सही लागते आणि अर्जात एक रकाना आहे: 'बदलाचे कारण'. पहिला अर्ज मेहुण्यांच्या घरी न्यावा लागला असता. ते वाचून त्यांना एका मिनिटात सगळे कळले असते. मी अर्ज छापून आणले, सहा वर्षे कपाटात ठेवले आणि त्याऐवजी दारात खुर्ची टाकून बसलो. रुग्णवाहिका आली की पडद्यावर बघायचे, फोन कोणत्या घरातून आला ते चालकाला सांगायचे. म्हणून मी लग्नाला गेलो नाही, कुठल्याच गावाला गेलो नाही, आंघोळही दार उघडे ठेवून करतो. लोक मला विक्षिप्त समजतात. समजू देत.

त्यानंतर आजवर दोनदा गाडी आली. टायपिंग शिकवणाऱ्या बाई वाचल्या. पलीकडच्या इमारतीतले शिंपीही वाचले, पण त्यांची गाडी आधी माझ्या दारात येऊन मग तिकडे गेली, तेवढ्यात त्यांची वाचा गेली. मी दिसलो की ते हात जोडतात. त्यांना वाटते मी देवासारखा धावून आलो.

सोमवारपासून खुर्ची रिकामी राहील. या महिन्यात चौघांनी मला आपल्या छातीतल्या कळा सांगितल्या आहेत. काल जिन्यात रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकल्यासारखे वाटले, खाली उतरलो तर रस्ता मोकळा. हल्ली असे वारंवार होते.

कलम ७. बँकेत जे काही असेल ते सर्व त्या चालकाला द्यावे. सोबत पडद्यावरच्या त्या ओळीची छापील प्रत आणि माझ्या सहीचे पत्र द्यावे, म्हणजे त्याला आपले निर्दोषत्व सिद्ध करता येईल. हे माझ्या मृत्यूनंतर करावे.

कलम ८. मेहुण्यांना काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या, आणि मला ते साक्षीदार हवे आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही होताना पाहिली की पुरते, असेही त्या म्हणाल्या. पण मृत्युपत्र माणूस गेल्यावर सवडीने उघडतात, आणि तोवर कोणाच्या तरी घरून आलेला फोन या बंद दारावर येऊन थांबेल. म्हणून मी सही करण्याआधी हे मेहुण्यांना वाचायला देत आहे. एकतीस अर्ज सोबत ठेवले आहेत. बदलाचे कारण मी माझ्या हाताने भरले आहे. सगळ्यांवर एकच कारण आहे.

मला माफी मागायची आहे. ती या कागदात कुठे बसवावी ते कळले नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: १४ मार्च २०२४, गुरुवार, दुपारी साडेतीन.

मृत्युपत्र करणार: (सही) एक्सचेंज

साक्षीदार १: (सही) वकीलबाई. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: (मेहुण्यांच्या हस्ताक्षरात)

पूर्ण वाचले. दोनदा वाचले. यावर मी सही करणार नाही. अर्जावर केली आहे, बाकीच्या तीस घरांत मी स्वतः आज फिरतो. पत्ते बदलेपर्यंत तुमच्या दारात माझी लेक बसेल. तिला का ते तुम्ही सांगायचं.

कलम ७ खोडले आहे. त्या माणसाला मेल्यावर पत्र पाठवायचं नाही. तक्रारीवर माझी सही होती, म्हणून उद्या सकाळी मीही येतो. टायरच्या दुकानात दोघांनी जायचं, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि तुम्ही तोंडाने बोलायचं.

जाताना आणि येताना माझ्याशी बोलायचं नाही.