प्रिमोला न मारलेली हाक

कोरिया, फेब्रुवारी १९५२

आई,

आशीर्वादासाठी तुझा हात इथूनच कपाळाला लावतो.

मी धडधाकट आहे. सुकी मासळी पोचली. आमच्या फिलिपिनो पलटणीतल्या, आपली इलोकानो बोली बोलणाऱ्या पोरांनी बर्फात बसून फडशा पाडला. तुझा गुडघा कसा आहे?

मला पदक मिळालं म्हणून गावजेवणाला डुक्कर मात्र कापू नकोस. पदक मी मोज्यांखाली ठेवलंय. जखमी कॅप्टनला पाठीवर घेऊन डोंगर उतरलो, हे खरं. पण शेजारच्या खंदकात आपला प्रिमो होता, आणि माघारीचा हुकूम त्याला कळलाच नव्हता. एका हाकेसरशी आला असता. शत्रूला ऐकू जाईल म्हणून मी भ्यालो. दुसऱ्या दिवशी त्याला कापडात गुंडाळून खाली आणलं.

शेतातून निघतानासुद्धा तू एकेकाचं नाव घेतेस, "चला रे, कुणी मागे राहू नका," म्हणजे कुणाचा जीव देह सोडून तिथेच घुटमळत राहत नाही. मला तेवढंही जमलं नाही.

सिलिंगमावशी विचारत असेल, "माझ्या लेकाचं शेवटी काय झालं?" तिला हे पत्र वाचून दाखव. तिच्यासमोर उभं राहायचं तोंड मला नाही.

मी येईन तेव्हा तू अंगणातून हाक मारशीलच. ती आधी प्रिमोच्या नावाने मार.

तुझा,
एउस्ताकियो